कर्णा, कांटा आणि गायनाचा पुरावा

इतिहासाचें साधन हातीं आलें म्हणजे प्रथम त्याची परीक्षा करावी, ही शिस्त महाराष्ट्रास राजवाड्यांच्या पिढीनें लावून दिली. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला, तेव्हांपासून आपल्याकडील अभ्यासक एखादी बखर पुढें येतांच ती कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, कोणाच्या आज्ञेवरून लिहिली, हे प्रश्न विचारूं लागले. कागद कोणता, शाई कोणती, अक्षराचें वळण कोणाचें, येथपर्यंत ही चिकित्सा जाऊन पोहोंचली. परंतु गायनाच्या इतिहासाकडे वळतांच हीच मंडळी एकाएकीं भाबडी होतात, असा आमचा अनुभव आहे. जुनी तबकडी लावली, खरखरींतून एक आवाज उमटला, कीं हाच त्या गवयाचा आवाज व हीच त्याची गायकी, असा निर्णय देऊन आपण मोकळे होतों. तो आवाज तबकडींत शिरला कसा, शिरतांना त्यास किती वांकावें लागलें, आणि दाराशीं कोण उभें होतें, याची चौकशी क्वचितच होते.

दाराशीं उभा असलेला हा द्वारपाल म्हणजे ध्वनीची पातळी. कोणतेंही ध्वनिमुद्रण घ्या, तें मेणाच्या चकतीवरचें असो वा आजच्या संगणकावरचें असो, त्यास दोन मर्यादा असतात. खालीं त्या साधनाची स्वतःची खरखर असते; आवाज तिच्याहून लहान झाला कीं तींत बुडतो. वर एक भिंत असते. आवाज तिच्यावर आदळला कीं फुटतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत आवाज राखणें हें ध्वनिमुद्रकाचें मुख्य काम होय. साधनें किती तरी पालटलीं, हें काम मात्र पालटलें नाहीं. पालटलें तें इतकेंच, कीं या पट्ट्यांत राहण्याचा भार कोणी वाहावयाचा: गाणारानें, कीं यंत्राशीं बसलेल्या माणसानें.

हिंदुस्थानच्या भूमीवर ग्रामोफोन कंपनीनें तबकड्यांसाठीं पहिलीं मुद्रणें घेतलीं तीं १९०२ च्या नोव्हेंबरांत. कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग त्या वर्षीं कलकत्त्यास उतरला आणि गौहरजानप्रभृतींचीं गाणीं त्यानें मेणावर घेतलीं. तबकड्या छापावयाच्या त्या दूर जर्मनींत, हॅनोव्हर शहरीं. तेथील कारागिरांस गाणाराची ओळख पटावी कशी? म्हणून गाण्याच्या शेवटीं गायिकेनें आपलें नांव इंग्रजींत पुकारावें अशी प्रथा पडली. गौहरजानची ती पुकार आजही अनेकांच्या परिचयाची आहे. त्या पुकारेंत विलायती ठसका पाहणारांनीं तिच्यामागची ही कारखानदारी सोय लक्षांत ठेवावी.

आतां मुद्रणाची रीत पाहूं. गायकासमोर पत्र्याचा एक मोठा कर्णा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशीं कांचेचा पातळ पडदा, पडद्यास जोडलेली सुई, आणि सुईखालीं फिरणारी मेणाची जाड चकती. विजेचा आवाज वाढविण्याशीं कोठेंच संबंध नाहीं. गायकाच्या मुखांतून निघालेल्या हवेच्या जोरावरच सुईनें मेण कापावयाचें. आवाज मंद पडला तर चर इतका उथळ उमटे कीं पुढें तबकडी वाजवितांना खरखरच अधिक ऐकूं येई. तारसप्तकांतील एखादा स्वर जोरानें लागला तर सुई उसळून शेजारच्या चराची भिंत फोडी आणि सबंध चकती वाया जाई. बरें, झालेलें मुद्रण लगेच ऐकून पाहावें तर तेंही शक्य नव्हतें. मऊ मेणावर पुन्हां सुई फिरविली कीं मूळ चर बिघडे. म्हणून एखादी चकती केवळ चांचणीकरितां खर्ची घालावी, ती ऐकून अंदाज बांधावा, आणि मग दुसरीवर खरें गाणें घ्यावें, असा क्रम असे.

त्या काळीं कांटा नव्हता, दिवा नव्हता. मोजमाप होतें तें माणसाच्या शरीराचें. हळुवार जागा आली कीं गायकानें तोंड कर्ण्यांत घालावें, उंच स्वर आला कीं मान मागें घ्यावी. ज्यास हें साधत नसे त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यास पुढें-मागें सरकविणें हा त्या युगांतील ध्वनिमुद्रकांचा सर्व जगभर परिपाठ होता; युरोपांतील नामांकित गायकगायिकांचीही त्यांतून सुटका नव्हती. साथीदारांचें बसणेंही संगीताच्या सोयीनें नव्हे तर कर्ण्याच्या सोयीनें ठरे. तंबोऱ्याचें तर विचारूंच नका. सेकंदास साधारण १७० ते २००० कंपनें, एवढ्याच टापूंत तो कर्णा नीट ऐके. पुरुषी खर्जाचा मूळ नाद त्याच्या कानावरच जात नसे. ज्या गायनपद्धतींत तंबोऱ्याच्या गुंजनांत आवाज मिसळून देणें ही पहिली दीक्षा, त्या पद्धतीच्या गवयास येथें जवळजवळ तंबोऱ्यावांचून, पत्र्याच्या तोंडाशीं तोंड लावून, मधूनमधून मान मागें ओढीत गावें लागलें. तीन मिनिटांत राग संपवावा लागे ही तक्रार सर्वांस ठाऊक आहे. परंतु वेळेच्या टंचाईहून पातळीची ही सक्ती गायकीस अधिक आंतून पिळणारी होती, असें आमचें मत आहे. तीन मिनिटांतही हळुवार गातां येतें. कर्ण्यांत हळुवार गातां येत नसे.

या मतास उत्तम साक्षीदार म्हणजे मिरजेस स्थायिक झालेले खांसाहेब अब्दुल करीम खां. यांचें गायन दोन्ही युगांत मुद्रित झालें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांच्या कांहीं तबकड्या कर्ण्यावर घेतल्या गेल्या. आणि पुढें जवळजवळ तीस वर्षांनीं, १९३४ ते १९३६ च्या सुमारास, ओडियन कंपनीसाठीं ते मायक्रोफोनसमोर गाइले. १९३७ सालीं ते वारले. दोन्ही काळांतील मुद्रणें आज ऐकावयास मिळतात, आणि ज्यानें तीं लागोपाठ ऐकलीं त्यास क्षणभर हा एकच पुरुष आहे असें वाटत नाहीं. पहिल्यांत आवाज पुढें रेटलेला, ताना वेगाच्या, सर्व कांहीं जणूं घाईंत उरकलेलें. दुसऱ्यांत तोच आवाज रेशमाच्या तंतूसारखा निघतो, एका स्वरावर थांबतो, त्याच्या कडेकडेनें फिरतो आणि श्वासाइतका लहान झाला तरी तुटत नाहीं. ‘पिया बिन नाहीं आवत चैन’ ही त्यांची ठुमरी ज्यांनीं ऐकली असेल त्यांस आम्ही काय म्हणतों तें कळेल.

यावरून कित्येकांनीं असा सिद्धान्त काढिला आहे कीं तरुणपणीं खांसाहेबांची गायकी तानेची व जोरकस होती, आणि उतारवयांत ती आलापप्रधान व करुण झाली. यांत कांहींच तथ्य नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. तीस वर्षांत माणूस बदलतो, मग गवयी कां न बदलावा? परंतु पहिल्या साक्षीदाराची जबानी घेतली कशी याचा विचार न करतां हा सिद्धान्त मांडणें म्हणजे कैद्याच्या पाठीशीं शिपाई उभा होता हें सांगावयाचें विसरून त्याचा कबुलीजबाब छापण्यासारखें आहे. कर्ण्यापुढें बसलेल्या खांसाहेबांनीं श्वासाइतका लहान स्वर लावला असता, तर तो मेणावर उमटलाच नसता. मग जें उमटूं शकत नव्हतें तें त्यांच्या गळ्यांत नव्हतेंच, असें आपण कशाच्या आधारें म्हणावें?

उलट बाजूनेंही असाच सावध विचार केला पाहिजे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांची एकही तबकडी नाहीं. अल्लादिया खांसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे मायक्रोफोनचें युग त्यांनीं वीस वर्षें पाहिलें. तरी त्यांनींही आपला आवाज मागें ठेविला नाहीं. त्यांची गायकी आपण ऐकतों ती शिष्यांच्या मुखानें, विशेषतः केसरबाई केरकरांच्या तबकड्यांवरून. गोव्याच्या केरी गांवच्या या बाईंची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत धाडण्यांत आली, हें आतां सर्वश्रुत झालें आहे. तेथें ती कोणी ऐकलीच तर त्या श्रोत्यास ती मायक्रोफोनच्या युगांतील आहे हें कोण सांगणार, हा विनोदी प्रश्न आमच्या मनांत कधीं कधीं येतो.

तें युग सुरू झालें १९२५ सालीं. अमेरिकेंत बेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मायक्रोफोन, विजेचा वर्धक आणि विजेनें हालणारी सुई यांची सांगड घातली, आणि पुढील थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांतही कर्णा अडगळींत पडला. आतां गायकानें मेण कापण्याइतका जोर लावण्याचें कारण उरलें नाहीं. जोर वीज लावी. हिराबाई बडोदेकरांसारखा कोमल, संयत आवाज घराघरांत गेला त्याचें श्रेय त्यांच्या साधनेस आहेच, पण थोडेंसें या यंत्रासही आहे. मात्र गायकाच्या मानेवरचा भार उतरला तो नाहींसा झाला नाहीं. तो कांचेपलीकडे बसलेल्या एका माणसाच्या बोटांवर गेला. त्याच्या एका हातीं पातळी कमीजास्त करण्याची खुंटी, आणि डोळ्यांपुढें एक कांटा.

हा कांटा काय दाखवितो हें थोडें समजून घेतलें पाहिजे. ध्वनीची पातळी ज्या एककांत मोजतात त्यास टेलिफोनच्या बेलसाहेबांच्या नांवावरून डेसिबेल म्हणतात. त्याचा हिशेब बेरजेचा नसून पटीचा आहे: दहा डेसिबेल वर म्हणजे शक्ति दहापट, वीस डेसिबेल वर म्हणजे शंभरपट. १९३९ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळा व तेथील दोन मोठ्या रेडिओ कंपन्या यांनीं मिळून एक प्रमाणभूत मीटर ठरविलें; त्यास व्ही. यू. मीटर म्हणतात. त्याचा कांटा मुद्दाम आळशी ठेविलेला आहे. आवाज झाल्यावर आपल्या जागीं पोहोंचावयास त्यास सुमारें तीन दशांश सेकंद लागतात. त्यामुळें गाण्याचें किंवा भाषणाचें सरासरी मोठेपण, जें कानास जाणवतें, तें तो चांगलें दाखवितो. परंतु तबल्यावरची कडक थाप कांटा निम्म्या वाटेवर असतांनाच ओसरून जाते. तिचें खरें शिखर त्यास दिसतच नाहीं. विलायतेंत बी. बी. सी.नें त्याच सुमारास याच्या उलट स्वभावाचें मीटर पसंत केलें. तें झटकन् वर चढे आणि सावकाश उतरे, म्हणजे शिखर निसटूं देत नसे. एक मीटर कान काय म्हणतो तें सांगतें, दुसरें भिंत किती जवळ आली तें सांगतें. जाणत्या ध्वनिमुद्रकास दोन्ही उत्तरें हवीं असतात. ज्याच्याजवळ एकच मीटर असे तो दुसरें उत्तर अनुभवानें मनांत धरून चाले.

महाराष्ट्रांत हा अनुभव ज्यांनीं कमाविला त्यांची नांवें आपल्या वाङ्मयांत फारशीं येत नाहींत. प्रभात फिल्म कंपनीचे विष्णुपंत दामले ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक म्हणून सर्वांस माहीत आहेत, परंतु १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून प्रभातच्या आरंभींच्या बोलपटांत ध्वनिलेखनाची बाजू त्यांनीं सांभाळली, हें किती जणांस आठवतें? भावगीतांचे गायक जी. एन. जोशी १९३८ पासून हिज मास्टर्स व्हॉइस कंपनींत मुद्रणाचें काम पाहूं लागले आणि पुढील तीन दशकांत हिंदुस्थानी संगीतांतील कित्येक थोर आवाज त्यांच्या देखरेखीखालीं तबकडीवर आले. मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं सुरू झालें. आमच्या औरंगाबादचें केंद्र निजामशाहींतलें; हैदराबादच्या केंद्राबरोबर तें १ एप्रिल १९५० रोजीं आकाशवाणीकडे आलें. त्या काळीं बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्ष गाऊनच प्रक्षेपित होत. कांट्यावर डोळा ठेवून बसलेल्या माणसानें उत्तम काम केलें काय किंवा वाईट काय, तें त्याच सायंकाळीं हवेंत विरून जाई.

फितींच्या युगाविषयीं येथें एकच गोष्ट सांगतों. चुंबकीय फीत वरच्या मर्यादेपाशीं एकदम फुटत नाहीं, हळूहळू कोंदते. म्हणून त्या काळचे ध्वनिमुद्रक कांटा थोडा तांबड्या भागांत गेला तरी घाबरत नसत. कित्येकांस तो कोंदटपणा गोडही वाटे. ही संवय मात्र पुढच्या काळांत घातक ठरली.

कारण संगणकांत ध्वनि म्हणजे आंकडे. सोळा अंकस्थानांच्या मुद्रणांत ६५,५३६ पायऱ्या असतात. सर्वांत वरची पायरी म्हणजे शून्य डेसिबेल. तिच्यावर आंकडाच नाहीं. येथें भिंत वाकत नाहीं कीं कोंदत नाहीं. ध्वनीची लाट तिच्यावर चढूं लागली कीं तिचा माथा सपाट कापला जातो, आणि पडद्यावर ती लाट आमच्या मराठवाड्यांतील सपाट माथ्यांच्या डोंगरांसारखी दिसूं लागते. यासच क्लिपिंग म्हणतात. २००० सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांतून बाहेर पडलेली ऑडॅसिटी ही ध्वनिमुद्रणाची प्रणाली फुकट मिळत असल्यामुळें आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांत सर्वत्र वापरली जाते. तिच्या मीटरच्या एकाच पट्टींत दोन छटा असतात: एक सरासरीची, दुसरी शिखराची. म्हणजे १९३८-३९ चीं तीं दोन भांडणारीं मीटरें येथें एका घरांत नांदतात. शिखर शून्यास लागलें कीं टोकाशीं तांबडी खूण उमटते आणि ती आपोआप जात नाहीं.

एवढी सोय असतांना चूक होऊं नये असें वाटेल. परंतु दोन वर्षांपूर्वींची एक हकीगत सांगतों. पडेगांव हें शहरांतून छावणीवरून देवगिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. आतां तें शहरांतच मोडतें. तेथें एका वृद्ध बाईंच्या घरीं जातें अजून फिरतें आहे असें कळल्यावरून आमचे दोन विद्यार्थी ओव्या मुद्रित करावयास गेले. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या हें वाचकांस ठाऊक असेलच. पण त्यांतील बऱ्याच मोठ्या भागाचे शब्दच तेवढे उरले आहेत, आवाज नाहीं. तेव्हां आवाज राखावा ही त्या मुलांची तळमळ योग्यच होती. परत येऊन त्यांनीं मुद्रण ऐकविलें, तों ओवीच्या प्रत्येक उठावाशीं आवाज फाटलेला. “सर, मीटर तांबड्यांत एकदांही गेलें नाहीं,” असें त्यांतील एक जण वारंवार सांगत होता, आणि तो खरें बोलत होता. संगणकावर लाट पाहिली: ती पट्टीच्या निम्म्यावरही पोहोंचली नव्हती, तरी तिचे माथे सपाट होते.

कारण उघड होतें. मायक्रोफोन जात्याला टेकून ठेविलेला. त्याच्या पेटीवरील खुंटी पूर्ण फिरविलेली. आवाज फुटला तो पेटींतच. संगणकावर मीटर तांबड्यांत जाऊं लागलें तेव्हां त्यांनीं प्रणालींतील पातळी खालीं ओढली, म्हणजे फुटलेला आवाजच लहान करून आंत घेतला. दरोडा वेशींत पडला आणि पहारा माजघरांत होता! मीटर आपल्यापुढें आलेला आंकडा सांगतें. तो आंकडा तेथवर कोणत्या वाटेनें आला, हें सांगणें त्याचें काम नव्हे. म्हणून आधीं पेटीवरची खुंटी, मग संगणकावरची, असा क्रम धरावा; गाणारानें सर्वांत मोठा आवाज काढून दाखविल्यावर शिखर शून्याच्या सहा डेसिबेल तरी खालीं राहील असें पाहावें; आणि चोवीस अंकस्थानांचें मुद्रण होत असेल तर आणखी खालीं राहिलें तरी भिण्याचें कारण नाहीं, कारण तेथें खालची खरखर फार दूर असते. हीं तीन पथ्यें पाळलीं कीं पुष्कळ निभावतें. फाटलेला आवाज सांधण्याच्या युक्त्या आतां निघाल्या आहेत, पण त्या कापलेल्या माथ्याच्या जागीं अनुमानानें नवा माथा बसवितात. जीर्ण पोथींतील गळालेल्या ओळींच्या जागीं संपादकानें आपल्या पदरचे शब्द घालावे, तसाच हा प्रकार.

जात्याचा प्रश्न याहून अवघड निघाला. मीटरपुढें घरघर आणि गळा यांत भेद नाहीं. जात्याची अखंड घरघर पट्टीचा मोठा भाग व्यापून बसते आणि ओवी तिच्या कडेला लोंबकळते. मुलांनीं सुचविलें, आजींनीं जातें थांबवून नुसतें गावें. त्यांनीं तसें गाइलें. मीटर सुंदर चाललें, आवाज निर्मळ आला, आणि ओवी मेली. फिरत्या खुंट्याच्या लयीवर ज्या ठिकाणीं श्वास घ्यावयाचा, ते ठाव सर्व हरवले. कर्ण्यानें खांसाहेबांस जें करावयास लाविलें तेंच शंभर वर्षांनीं, प्रेमानें व आदरानें, आम्ही एका म्हाताऱ्या बाईस करावयास लावीत होतों. शेवटीं मुलांनीं जात्यापासून दूर, बाईंच्या छातीच्या उंचीवर मायक्रोफोन धरला, दळण सुरूच ठेविलें, आणि पातळी घरघरीवर नव्हे तर गळ्यावर बेतली. घरघर आहे ती आहे.

आमच्या संग्रहाच्या नोंदवहींत आतां प्रत्येक मुद्रणापुढें गाणाराचें नांव, गांव व तारीख यांच्या जोडीला चार रकाने वाढविले आहेत: मायक्रोफोन कोठें होता, खुंटी किती फिरविली होती, शिखर कोठपर्यंत गेलें, आणि पातळीवर लक्ष कोणाचें होतें. पडेगांवचें तें पहिलें फाटकें मुद्रण दुरुस्त न करतां तसेंच ठेविलें आहे, कारण त्यांतील दोन ओव्या आजींनीं पुढें पुन्हां म्हटल्या नाहींत. त्यांच्यापुढील शेवटच्या रकान्यांत दोघांही विद्यार्थ्यांनीं आपलीं नांवें घातलीं आहेत.